डॅशबोर्डमधला संगणक आणि मालकाचा हक्क

मोटारगाडी पंधरा-वीस वर्षे चालेल अशा हिशेबाने बांधली जाते आणि नीट निगा राखली तर तेवढी चालतेही. तिच्या डॅशबोर्डमध्ये कंपनीने बसवून दिलेला नेव्हिगेशनचा संगणक मात्र पाच-सात वर्षांतच म्हातारा होतो. इंजिन ठणठणीत असते, पत्र्याला गंज नसतो, पण पडद्यावरच्या नकाशात नवा पूल नसतो, पत्ता लिहिताना एकेक अक्षर उमटायची वाट पाहावी लागते आणि त्या यंत्रासाठी नकाशाची नवी आवृत्ती काढणे कंपनीने केव्हाच बंद केलेले असते. अशा वेळी काही मालक ते यंत्र काढतात आणि त्या जागी स्वतः जुळवलेला संगणक बसवतात. या उद्योगाकडे सहसा हौशी मंडळींचा खेळ म्हणून पाहिले जाते. माझ्या मते हा सार्वजनिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर कायद्याने द्यायला हवे. डॅशबोर्डमधला संगणक बदलण्याचा हक्क गाडीच्या मालकाला असला पाहिजे, आणि तो हक्क प्रत्यक्षात वापरता यावा यासाठी हा संगणक व बाकीची गाडी यांच्यामधली सीमा आखून ती जाहीर करण्याचे बंधन उत्पादकावर असले पाहिजे.

अशी सीमा एके काळी होती. रेडिओसाठी डॅशबोर्डमध्ये १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच जागा ठेवायची हे मूळचे ‘डिन’ नावाचे जर्मन मानक पुढे आयएसओ ७७३६ या नावाने जगभर रुळले. १०० मिलिमीटर उंचीची ‘डबल डिन’ जागा त्याचीच पुढची पायरी. मागच्या तारांच्या जोडणीलाही आयएसओ १०४८७ हे मानक होते. कायमचा वीजपुरवठा, किल्ली फिरवल्यावर मिळणारा पुरवठा, अर्थिंग, हेडलाइट लावल्यावर पडदा मंद करण्याचा संकेत, स्पीकरच्या तारा; रेडिओला गाडीकडून एवढेच हवे असे, आणि गाडीला रेडिओकडून काहीच नको असे. या साध्या करारामुळे कोणत्याही कंपनीचा रेडिओ कोणत्याही कंपनीच्या गाडीत बसू शकला. कॅसेट गेली, सीडी आली, सीडी गेली, यूएसबी आली. गाडी तीच राहिली आणि तेवढा भाग बदलत गेला.

नेव्हिगेशनही सुरुवातीला असेच वेगळे यंत्र होते. होंडाने १९८१ मध्ये उपग्रहांच्या मदतीविना, केवळ दिशा आणि कापलेले अंतर मोजून नकाशावर गाडीची जागा दाखवणारे यंत्र बाजारात आणले. १९९० मध्ये माझदाच्या युनोस कॉस्मो या गाडीत जीपीएस आले. नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत अमेरिकेचे सरकार मुद्दाम मिसळत असलेली त्रुटी मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली आणि साधा रिसीव्हरही काही मीटरपर्यंत अचूक जागा सांगू लागला. त्यानंतर हे तंत्र कोणत्याही एका गाडी उत्पादकाच्या हातचे राहिले नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपमुळे नकाशाही स्वयंसेवकांच्या श्रमातून सर्वांसाठी खुला झाला, आणि २०१२ मध्ये रास्पबेरी पाय आल्यावर तो नकाशा चालवू शकणारा संगणक तळहाताएवढ्या पाटीवर मावू लागला.

नेमक्या याच काळात डॅशबोर्डमधली ती जागा मात्र बुजत गेली. पडद्याने आधी रेडिओ गिळला, मग एसीची बटणे, मग मागचा कॅमेरा, पार्किंगचे सेन्सर, दारे आपोआप कुलूपबंद होण्याची सोय, सर्व्हिसची आठवण आणि इंडिकेटरची टिकटिकसुद्धा. काही गाड्यांत ध्वनीची सारी उपकरणे ‘मोस्ट’ नावाच्या प्रकाशतंतूंच्या कड्यात ओवलेली असतात. त्या कड्यातले एक उपकरण काढले की कडे तुटते आणि सगळीकडचा आवाज बंद पडतो. काही उत्पादकांनी हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला हा पडद्याचा संगणक, त्या विशिष्ट गाडीशी सांकेतिक कुलपाने जखडून ठेवले आहे, त्यामुळे तेच मॉडेल दुसऱ्या गाडीतून काढून आणले तरी कंपनीच्या सर्व्हरची परवानगी मिळेपर्यंत ते नीट चालत नाही. चोरीला आळा बसावा हे त्यामागचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण ही परवानगी मालकाकडे न राहता कायमची उत्पादकाकडे राहते, हा त्याचा परिणामही तितकाच खरा आहे.

सगळे एकाच संगणकात कोंबल्याची किंमत काय असते हे टेस्लाच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या गाड्यांच्या मधल्या पडद्यामागच्या संगणकात ८ जीबीची एक फ्लॅश मेमरी चिप होती. फ्लॅश मेमरीचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो; संगणक त्या चिपवर सतत नोंदी लिहीत राहिला आणि काही वर्षांत चिप झिजून गेली. चिप मेली की पडदा मेला, आणि पडद्याबरोबर मागच्या कॅमेऱ्याचे दृश्य, काचेवरचे धुके घालवण्याच्या सोयीचे नियंत्रण आणि इंडिकेटरचा आवाजही गेला. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने हा सुरक्षेतला दोष ठरवला आणि २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. एका छोट्या चिपच्या झिजेने गाडीची सुरक्षा धोक्यात यावी, हा त्या चिपपेक्षा त्या रचनेचा दोष आहे. गाणी आणि नकाशे एका बाजूला आणि कॅमेरा, काच व इशारे दुसऱ्या बाजूला असते, तर तीच चिप झिजल्यावर गैरसोय झाली असती, धोका झाला नसता.

जानेवारी २०२२ मध्ये होंडा आणि तिच्याच ॲक्युरा या ब्रँडच्या कित्येक जुन्या गाड्यांतल्या नेव्हिगेशनच्या घड्याळांनी एकदम २००२ साल दाखवायला सुरुवात केली. मालकांना ते दुरुस्त करता येईना. ऑगस्टमध्ये घड्याळ आपोआप ठीक होईल, असे कंपनीकडून सांगण्यात आले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या दूरध्वनी कंपन्यांनी थ्री-जी जाळे बंद केले आणि अनेक गाड्यांमधल्या मोडेमना बोलायला कोणी उरले नाही. यातल्या काही गाड्या फार जुन्याही नव्हत्या. घड्याळ किंवा मोडेम ही बदलता येण्याजोगी गोष्ट आहे. ती बदलता येऊ नये अशी केली गेली होती, म्हणून ती मालकाची हतबलता झाली.

आता स्वतः बांधलेल्या संगणकाकडे वळू. त्याचे गुणगान करणारे बहुतेक लोक पडद्यावरची चित्रे दाखवतात. खरे काम पडद्यामागे असते आणि ते सोपे नाही. गाडीतली वीज ही घरातल्या विजेसारखी सभ्य नसते. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट असतात, सेल्फ मारताना ते क्षणभर सहा-सात व्होल्टपर्यंत कोसळू शकतात, आणि अल्टरनेटर चार्ज करीत असताना बॅटरीचा सांधा सुटला तर काही दशांश सेकंदांसाठी त्याच तारेवर याच्या कितीतरी पट दाब येतो. पाच व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या संगणकाला हे तिन्ही प्रसंग सोसतील असा वीजपुरवठा द्यावा लागतो. सिगारेट लायटरच्या जागेत खोचायचा साधा चार्जर त्यासाठी पुरत नाही; सेल्फ मारताच संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

त्याहून नाजूक भाग बंद करण्याचा. किल्ली काढताच वीज तोडली तर लिहिणे अर्धवट राहिलेले मेमरी कार्ड बिघडते आणि काही दिवसांनी संगणक उठायलाच नकार देतो. वीज तोडलीच नाही, तर बॅटरी उतरते: अर्धा अँपिअर प्रवाह सतत ओढला गेला तर ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ९० तासांत, म्हणजे चार दिवसांच्या आत रिकामी होते, आणि गाडी सुरू करण्याइतका जोर तर त्याही आधी संपतो. म्हणून जाणकार माणूस दोन तारा घेतो. किल्लीची तार केवळ खबर देते. कायमची तार, योग्य क्षमतेचा फ्यूज बॅटरीच्या जवळ लावून, प्रत्यक्ष वीज पुरवते. किल्ली काढल्याची खबर मिळाली की संगणक आपली कामे आवरून बंद होतो आणि त्यानंतर एक टायमर कायमच्या तारेवरचा पुरवठाही तोडतो. मूळ प्रणाली ज्या भागात साठवली आहे तो भाग फक्त वाचण्यापुरता खुला ठेवला की अचानक वीज गेल्याने होणारे नुकसानही जवळपास टळते. टेस्लाची चिप ज्या सततच्या लेखनाने झिजली, त्यावरही हाच उपाय आहे, हे इथे नोंदवायला हवे.

उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भाजून निघतो. गाड्यांसाठी बनवलेली इलेक्ट्रॉनिक सामग्री उणे ४० ते ८५ अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही अधिक तापमान धरून तपासली जाते, तर घरगुती वापराचे पडदे बहुधा ५० अंशांच्या पुढची हमी देत नाहीत. पडद्याची प्रखरता पुरेशी नसेल तर भर दुपारी नकाशाऐवजी स्वतःचा चेहरा दिसतो, आणि ती रात्री कमी करता आली नाही तर समोरचा रस्ता दिसेनासा होतो. कंपनीच्या अभियंत्यांनी या गोष्टींवर जे कष्ट घेतलेले असतात त्यांची जाणीव स्वतः बांधायला बसल्याशिवाय होत नाही, आणि म्हणूनच हा हक्क मागणाऱ्यांनी त्या कष्टांबद्दल आदर बाळगावा असे मला वाटते.

बोगद्यात जीपीएसचे संकेत मिळत नाहीत. कंपनीचे यंत्र तिथेही रस्ता चुकत नाही, कारण त्याला चाकांच्या वेगाचा संकेत आणि वळणाचा अंदाज देणारा जायरोस्कोप हाताशी असतो. होंडाने १९८१ मध्ये वापरलेले तत्त्व आजही तिथे कामाला येते. स्वतःच्या संगणकाला हे साधायचे असेल तर गाडीच्या अंतर्गत जाळ्यातून वेग वाचावा लागतो. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेले ‘कॅन’ नावाचे हे जाळे आज जवळजवळ प्रत्येक गाडीत आहे. त्यावर ब्रेक, इंजिन, स्टिअरिंग यांची नियंत्रक यंत्रे एकमेकांशी बोलतात, आणि मूळ रचनेत संदेश कोणी पाठवला याची खातरजमा करण्याची सोयच नाही. ज्याने तार जोडली त्याचे म्हणणे खरे मानले जाते. म्हणून इथे एक रेघ ओढायला हवी, आणि ती मी निःशंकपणे ओढतो: मालकाच्या संगणकाने या जाळ्यावर ऐकावे, बोलू नये. ‘कॅन’च्या बऱ्याच चिपांमध्ये केवळ ऐकण्याची पद्धत उपलब्ध असते, ती वापरली की वेग, हेडलाइट आणि रिव्हर्स गिअरची खबर मिळते आणि संगणक वेडावाकडा वागला तरी ब्रेककडे एक अक्षरही जात नाही.

मागच्या कॅमेऱ्याचा प्रश्न याच जातीचा आहे. अमेरिकेत मे २०१८ पासून सर्व नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स टाकल्यापासून दोन सेकंदांच्या आत दृश्य पडद्यावर आले पाहिजे असा नियम आहे. गाडीमागे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसावे, हा त्यामागचा हेतू. छोटा संगणक सुरू व्हायला बरेचदा वीस-तीस सेकंद घेतो. किल्ली फिरवून लगेच गाडी मागे घेणाऱ्या चालकाला त्या अवधीत काळा पडदा दिसणार असेल, तर अशी जोडणी करणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. उपाय आहे आणि तो अवघडही नाही: कॅमेऱ्याचा संकेत संगणकाला वळसा घालून थेट पडद्याला द्यायचा आणि रिव्हर्सच्या दिव्याच्या तारेवर चालणाऱ्या स्विचने तो निवडायचा. संगणक झोपलेला असो वा बिघडलेला, कॅमेरा दिसतोच.

सुरक्षेचा आक्षेप उत्पादकांकडून नेहमी घेतला जातो आणि तो सर्वांत वजनदार आहे. मालकांना आत हात घालू दिला तर हल्लेखोरांनाही वाट मिळेल, असे ते सांगतात. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी महामार्गावर धावणारी जीप चेरोकी दूर अंतरावरून मोबाइल जाळ्याद्वारे ताब्यात घेऊन दाखवली. त्यानंतर १४ लाख गाड्या परत बोलवण्यात आल्या. ही घटना या आक्षेपाच्या बाजूने सांगितली जाते. पण त्यात आत शिरण्याची वाट कोणती होती ते पाहावे. ती वाट कंपनीनेच बसवलेले हेड युनिट ही होती. त्याचे एक दार मोबाइल जाळ्याकडे उघडे होते, आणि ‘कॅन’शी बोलणाऱ्या त्यातल्या दुसऱ्या चिपमधले सॉफ्टवेअर कोणतीही खूण न पटवता बदलता येत होते. नकाशे दाखवणाऱ्या यंत्राला ब्रेक आणि गिअरपर्यंत जाण्याची मुभा होती, हे त्या प्रकरणाचे मूळ. ती मुभा मुळातच नसती तर हल्लेखोराच्या हाती फार तर रेडिओचा आवाज लागला असता.

म्हणजे हल्लेखोराला अडवणारी भिंत आणि मालकाला यंत्र बदलू देणारी सीमा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. नकाशाच्या संगणकापर्यंत फक्त काही ठरावीक माहिती येईल आणि तिथून परत काही जाणार नाही अशी रचना केली, तर तो संगणक कोणी बनवला याला सुरक्षेच्या दृष्टीने फारसे महत्त्व उरत नाही. जीपच्या प्रकरणानंतर त्या उत्पादकाने २०१८ च्या सुमारास आपल्या गाड्यांत अशी भिंत घातलीही. मात्र तिची किल्ली स्वतःकडे ठेवली, आणि स्वतंत्र गॅरेजवाल्यांना दोष तपासून झाल्यावर त्याची नोंद पुसण्यासाठीसुद्धा नोंदणी करून परवानगी घ्यावी लागू लागली. भिंतीला माझा विरोध नाही. तिच्यातून जाणारी निरुपद्रवी माहितीही गुप्त ठेवण्याला आहे.

कायद्याने या दिशेने थोडी वाटचाल केली आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये गाडीच्या सॉफ्टवेअरचे कुलूप दुरुस्तीसाठी किंवा कायदेशीर बदलासाठी उघडण्याची सूट मालकांना मिळाली. मात्र करमणूक आणि दूरसंपर्क यांच्या प्रणाली त्या सुटीतून वगळल्या होत्या. म्हणजे इंजिनाच्या सॉफ्टवेअरला हात लावता येत होता, पण रेडिओच्या नाही. पुढे २०१८ मध्ये ही सूट काहीशी रुंदावली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये गाडीतून दूरवर पाठवल्या जाणाऱ्या माहितीवर मालकाचा आणि त्याने निवडलेल्या दुरुस्तीवाल्याचा हक्क मोठ्या बहुमताने मान्य केला आणि उत्पादकांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. दुसरीकडे युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला सायबर सुरक्षेचा संयुक्त राष्ट्रांचा आर-१५५ नियम लागू झाला आहे. हा नियम योग्य आहे. पण त्याचा आधार घेऊन सगळीच दारे बंद करण्याचा मोह उत्पादकांना होईल, आणि नियम करणाऱ्यांनी तो वेळीच ओळखला पाहिजे.

फोन असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. बहुतेकांसाठी फोन पुरतो, हे मला मान्य आहे. तरीही फोन उन्हात तापून मंदावतो, त्याला चाकांचा वेग कळत नाही, आणि कंपनीचा पडदा बिघडल्यावर त्याच्यात अडकलेली एसीची बटणे फोनवर येत नाहीत. फोनचे चित्र गाडीच्या पडद्यावर आणणारे कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो हेही उत्पादकाच्या मर्जीवर अवलंबून असतात. जनरल मोटर्सने २०२३ मध्ये आपल्या पुढच्या विजेवरच्या गाड्यांतून ही सोय काढण्याचे जाहीर केले ते त्यामुळेच शक्य झाले. शिवाय माहितीचा प्रश्न आहेच. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची खासगीपणाची धोरणे तपासली आणि त्यांपैकी एकही त्यांच्या कसोटीला उतरला नाही. आपण कोठे जातो याची नोंद कोणाकडेही जाऊ नये असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी स्वतःच्या संगणकावर साठवलेला नकाशा हा आज हाती असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

हक्काबरोबर मालकावरही बंधने यावीत, आणि ती मला मोघम नकोत. चालकाने एका वेळी रस्त्यावरून दोन सेकंदांहून अधिक नजर काढू नये आणि पडद्यावरचे एक काम एकूण बारा सेकंदांच्या नजरेत उरकावे, अशी मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०१३ मध्ये उत्पादकांसाठी जाहीर केली. तीच कसोटी स्वतः बांधलेल्या पडद्याला लावावी. गाडी चालत असताना चालकासमोर चित्रपट दाखवणारी जोडणी बेकायदा असावी, मग ती कोणीही केलेली असो. पडदा एअरबॅगच्या फुगण्याच्या वाटेत येता कामा नये. काच आणि धुक्याचे नियंत्रण, इशाऱ्यांचे आवाज आणि कॅमेरा यांतले काहीही मूळ यंत्राबरोबर जाणार असेल, तर त्याची पर्यायी सोय होईपर्यंत मूळ यंत्राला हात लावू नये. हे सगळे ठरावीक तपासणीच्या वेळी एखादा तंत्रज्ञ पाच मिनिटांत पडताळू शकतो.

उत्पादकाकडून अपेक्षा त्याहून लहान आहे. त्याने आपले सॉफ्टवेअर खुले करावे असे मी म्हणत नाही. हेड युनिटमागच्या जोडणीत कोणती तार कशासाठी आहे, वेग, प्रकाश आणि रिव्हर्स यांचे संदेश कोणत्या स्वरूपात येतात आणि पडद्याला चित्र कोणत्या पद्धतीने द्यायचे, एवढी माहिती त्याने प्रसिद्ध करावी. गाडी विकायला काढतानाच त्याने ती केली तर उत्तम; निदान त्या मॉडेलसाठी नकाशे आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे ज्या दिवशी तो थांबवेल त्या दिवशी ती प्रसिद्ध करणे आणि गाडीशी जखडणारे कुलूप काढून देणे कायद्याने सक्तीचे असावे. आज ही माहिती हौशी लोक एकेक संदेश ऐकून, तर्काने जुळवून काढतात. तर्क चुकला की भलत्याच तारेला हात लागतो, आणि उत्पादक ज्या धोक्याची भीती घालतात तो बऱ्याच अंशी या गुप्ततेतूनच जन्माला येतो. बांधणाऱ्यांनीही मूळ तारा कापू नयेत. मधे जोडायचा तारांचा स्वतंत्र संच वापरावा आणि काढलेले यंत्र जपून ठेवावे, म्हणजे ती गाडी पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला दोन्हींपैकी काय हवे ते ठरवता येईल.